रविवार सकाळचा लॉट : पुण्यातील एका महाविद्यालयीन नाट्यसंघाचा आठवडा

ऑगस्टमधल्या एखाद्या संध्याकाळी पाचच्या आधी सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरापाशी गेले, तर गल्लीच्या तोंडापासूनच पुरुषोत्तम करंडक स्पर्धा सुरू असल्याचे कळते. कोपऱ्यावर टेम्पो उभा असतो, त्यातून रंगाचा वास अजून न गेलेले नेपथ्याचे फ्लॅट उतरत असतात, आणि ‘अरे आव्वाज कुणाचा’ या आरोळीला तीस-चाळीस घशांतून एकदम आपापल्या महाविद्यालयाचे नाव उत्तर म्हणून येत असते. तिसरी घंटा झाली की हाच जमाव आत जाऊन मुकाट्याने बसतो. अनेक वर्षे पाहूनही या शांततेचे मला दर वेळी नवल वाटते.

महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने पुरुषोत्तम रामचंद्र तथा अप्पासाहेब वझे यांच्या स्मरणार्थ १९६३ साली ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली. पुणे केंद्राच्या प्राथमिक फेरीत पन्नासच्या आसपास संघ उतरतात. एका सत्रात तीन एकांकिका होतात, रविवारी सकाळचे आणखी एक सत्र असते, आणि कोणत्या संघाने कोणत्या दिवशी उभे राहायचे हे चिठ्ठ्या टाकून, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘लॉट्स’ काढून ठरते. त्यांतून नऊ संघ अंतिम फेरीत जातात. पहिल्या संघाला पुरुषोत्तम करंडक, दुसऱ्याला हरी विनायक करंडक आणि तिसऱ्याला संजीव करंडक मिळतो. वेगळी वाट चोखाळणाऱ्या एकांकिकेसाठी जयराम हर्डीकर करंडक आहे. पुण्याबाहेरही केंद्रे आहेत आणि सर्व केंद्रांवरच्या निवडक संघांची महाअंतिम फेरी होते. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये याच महाअंतिम फेरीच्या परीक्षकांनी करंडकाच्या योग्यतेची एकही एकांकिका आढळली नाही, असे म्हणून तो कोणालाही न देण्याचा निर्णय घेतला. त्यावर पुष्कळ लिहिले आणि बोलले गेले. मुलांचे वाचन कमी झाले आहे, मालिकांचा प्रभाव वाढला आहे, परीक्षक फार कडक होते, अशी नाना मते मांडली गेली. मी वाचलेल्या प्रतिक्रियांत तालमी कोठे होतात, कधी होतात आणि त्या कशा करायच्या हे नव्या मुलांना कोण सांगते, याविषयी मात्र फारसे काही आढळले नाही.

म्हणून त्यानंतरच्या एका ऑगस्टमध्ये एका संघाने तालमी पाहायला बोलावले, तेव्हा मी तो आठवडा जवळजवळ पूर्णपणे त्यांच्याबरोबर काढला. विद्यार्थिदशेत मी स्वतः या स्पर्धेत पडद्यामागे काम केलेले असल्यामुळे तटस्थ असल्याचा दावा मी करणार नाही. महाविद्यालयाचे आणि मुलांचे नाव येथे घेतलेले नाही, कारण त्यांची अडचण ही त्यांच्या एकट्याची नाही.

संघ आणि वही

मध्य पुण्यातले हे महाविद्यालय कला, वाणिज्य आणि विज्ञान अशा तिन्ही शाखांचे आहे. संघात सतरा जण होते. त्यांपैकी सहा रंगमंचावर आणि अकरा मागे. दिग्दर्शिका तृतीय वर्षाला होती, लेखक द्वितीय वर्षाला, आणि प्रकाशयोजना सांभाळणारी मुलगी दीड महिन्यापूर्वीच प्रथम वर्षात दाखल झाली होती. दिग्दर्शिकेचे पहिले वर्ष महासाथीमुळे बरेचसे संगणकाच्या पडद्यासमोर गेले होते, आणि तिने ज्यांच्याकडून शिकायचे त्या सिनियरांचीही ऐन उमेदीची दोन वर्षे तशीच गेली होती. म्हणजे संघात भरतच्या रंगमंचावर स्वतः सेट लावलेले एकही माणूस नव्हते.

या महाविद्यालयाच्या नाट्यमंडळाकडे एक वही आहे. निळ्या पुठ्ठ्याची, फुलस्केप, कोपरे झिजलेली. दर वर्षीच्या संघाने पुढच्या संघासाठी तीत काही लिहून ठेवायचे, असा प्रघात होता. कोणाचा टेम्पो सांगितलेल्या वेळेला येतो, टिंबर मार्केटात जुने प्लायवूड कोणत्या बाजूला स्वस्त मिळते, भरतच्या रंगमंचाची रुंदी आपल्या पावलांनी किती भरते, सेट लावायला तालमीत किती वेळ लागला आणि प्रत्यक्षात किती लागला, अशा नोंदी निरनिराळ्या अक्षरांत आहेत. एका पानावर फक्त एवढेच लिहिले आहे : ‘विंगेत अंधार असतो. पायरीच्या कडेला पांढरी पट्टी चिकटवा. मी पडलो आहे.’ शेवटची नोंद २०१९ ची आहे. त्यानंतर कोरी पाने आहेत, आणि ही वही अस्तित्वात आहे हेच या संघाला जुलैअखेरपर्यंत माहीत नव्हते. जिमखान्याच्या कपाटात बॅडमिंटनच्या जाळीखाली ती सापडली.

आठवडा

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांवर ही एकांकिका होती. पेठांमधल्या एखाद्या जुन्या वाड्यात कॉट बेसिसवर, म्हणजे एकेका कॉटपुरते भाडे भरून, एकाच खोलीत राहणारे चौघे जण. त्यांपैकी एकाची वयोमर्यादा संपत आलेली. आणि त्याच्या घरून रोज रात्री येणारा एक फोन. विषय नवा नव्हता, तरी तो मुलांच्या आसपासचा होता. भरतपासून चालत दहा मिनिटांच्या अंतरात अशा अभ्यासिका आणि खोल्या किती आहेत, याची मोजदाद कोणी केली नसेल. मुलांनी त्या पाहिलेल्या होत्या. चौघांतला एक नट तर अशाच खोलीत राहत होता.

सोमवारी संध्याकाळी सहाला मी गेलो, तेव्हा तालमीचा हॉल बंद होता. जिमखान्याचा हॉल सहा ते नऊ या वेळेसाठी मंडळाला दिलेला होता; परंतु त्या आठवड्यात अंतर्गत परीक्षा असल्यामुळे त्यात बाके लावून ठेवलेली होती आणि ती हलवायची परवानगी नव्हती. शिपाईमामांचा यात काहीच दोष नव्हता, किंबहुना त्यांनी मुलांना वाहनतळाचा दिवा चालू करून दिला. त्या वाहनतळात, दोन खांबांच्या मध्ये खडूने रंगमंचाची चौकट आखून, तालीम सुरू झाली. साडेसहाच्या सुमारास नदीपात्राकडून ढोल वाजू लागले.

या ढोलांविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण पुण्याबाहेरच्या वाचकाला त्यांचा नाट्यस्पर्धेशी असलेला संबंध चटकन लक्षात येणार नाही. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत वादन करणाऱ्या ढोलताशा पथकांचा सराव जुलैपासून सुरू होतो, तो संध्याकाळीच असतो, आणि पथकांत मुख्यतः महाविद्यालयीन मुले-मुलीच असतात. म्हणजे पुरुषोत्तमची तालीम आणि पथकाचा सराव यांना एकाच वयाची माणसे, एकाच महिन्यात, एकाच वेळी हवी असतात. या संघातल्या दोघांनी जुलैमध्ये पथक निवडले आणि एकांकिका सोडली होती. त्यांच्याबद्दल कोणाच्या मनात राग नव्हता. पथकात पहिल्याच दिवशी ढोल कमरेला बांधून मिळतो, चाळीस जणांच्या ठेक्यात आपला ठेका मिसळतो, आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर सगळे शहर पाहायला उभे असते. त्याच्या तुलनेत सहा आठवडे तालमी करून पंचेचाळीस मिनिटे रंगमंचावर उभे राहण्याचे आकर्षण कोणाला वाटावे, यासाठी आधी कोणीतरी ते स्वतः अनुभवलेले असावे लागते आणि त्याने ते दुसऱ्याला सांगावे लागते. सांगणारी माणसेच मध्ये दोन वर्षे नव्हती.

त्या वाहनतळात ढोलाच्या आवाजावर आवाज चढवून बोलल्यामुळे सोमवारीच दोघांचे घसे बसले. त्याहून मोठे नुकसान असे झाले, की फोनवरचा जो प्रवेश अगदी दबक्या आवाजात व्हायचा होता, तो ओरडूनच करावा लागला आणि नटाला तीच सवय लागली. रविवारी भरतमध्ये त्याचा आवाज पहिल्या तीन मिनिटांत गरजेपेक्षा मोठा लागला, याचे मूळ माझ्या मते या वाहनतळात आहे.

आठवड्याच्या मध्यात १५ ऑगस्ट आला. सकाळी ध्वजवंदन झाले आणि महाविद्यालयाला कुलूप लागले. त्या दिवशी तालीम एका मुलीच्या घराच्या गच्चीवर झाली. पाऊस आला तसे सगळे जिन्यात आले, आणि जिन्यात बसूनच संवादांचे दोनदा वाचन झाले. दिग्दर्शिकेच्या मते ही त्या आठवड्यातली सर्वांत चांगली तालीम होती, आणि मीही तेच म्हणेन. हालचाली करायला जागाच नसल्यामुळे शब्दांकडे लक्ष गेले.

त्या वाचनात एक गोष्ट उघडी पडली. वय संपत आलेल्या मुलाचे काम करणारा नट लातूर जिल्ह्यातला, उदगीरकडचा. लेखक पुण्याचा, आणि त्याने सगळ्यांचे संवाद स्वतःच्याच भाषेत लिहिलेले. फोनवरच्या प्रवेशात ‘आई, यंदा माझे काम नक्की होईल’ असे वाक्य होते. मुलगा ते नीट पाठ म्हणत होता, उच्चार स्वच्छ होते, आणि तरीही ते कोणीतरी दुसऱ्याने लिहून दिल्यासारखे वाटत होते. वाचन संपल्यावर खाली टपरीवर चहा घेताना त्याला खरोखरच घरून फोन आला. तो चार पावले बाजूला जाऊन बोलू लागला. ‘काय करूलालास?’ हा पलीकडचा प्रश्न त्याने हसत परत उच्चारला, आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, ‘औंदा व्हतंय बघ, माय.’ लेखक ग्लास हातात धरून ऐकत उभा होता. त्याने कोणाला काही सांगितले नाही. रात्री त्या नटाच्या खोलीवर जाऊन दोघांनी मिळून तो प्रवेश पहिल्यापासून लिहून काढला.

दुसऱ्या दिवशी संघात यावरून वाद झाला. एकीचे म्हणणे असे, की बोलीतले संवाद ऐकले की प्रेक्षक हसतात, आणि हा प्रवेश हसण्याचा नाही. तिची भीती निराधार नव्हती. विनोदासाठी ग्रामीण बोली वापरण्याची खोड आपल्या रंगभूमीला आणि चित्रपटांना जुनीच आहे, आणि पुण्यातल्या प्रेक्षकाचे कान त्याने घडलेले आहेत. दिग्दर्शिकेने तोडगा असा काढला, की तो मुलगा पहिल्या प्रवेशापासूनच तसे बोलेल, मित्रांशीही आणि घरमालकांशीही, म्हणजे फोन येईपर्यंत प्रेक्षकाला त्या भाषेची सवय झालेली असेल. हा निर्णय मला त्या आठवड्यातला सर्वांत शहाणपणाचा वाटला. तो प्रयोगाच्या तीन दिवस आधी घ्यावा लागला, ही त्यातली खंत. संपूर्ण भूमिकेची भाषा बदलायला तीन संध्याकाळी पुरत नाहीत, आणि त्यांपैकी दोन परीक्षांमध्ये गेल्या.

गुरुवारी आणि शुक्रवारी अंतर्गत परीक्षा होत्या. विज्ञान शाखेच्या तिघांचे प्रात्यक्षिकही होते. परीक्षेच्या दिवशी कोणाला तालमीला बोलवायचे नाही, हा नियम दिग्दर्शिकेने स्वतःहून पाळला. येणारे मात्र आले, आणि त्यांनी नेपथ्याचे काम केले.

नेपथ्याचा प्रश्न कॉटचा होता. एका खोलीत चार कॉट, हे एकांकिकेचे मुख्य दृश्य. मुलांनी एका वसतिगृहातून चार लोखंडी कॉट मागून आणल्या होत्या. त्या जड होत्या, त्यांचे पाय दुमडत नव्हते, आणि टेम्पोत एका वेळी तीनच मावत होत्या. स्पर्धेत आधीच्या संघाचा सेट उतरत असतानाच आपला वर चढायला तयार लागतो आणि हाताशी मोजकीच मिनिटे असतात, हे ज्यांनी एकदा केले आहे त्यांना कोणी सांगावे लागत नाही. शुक्रवारी रात्री वाहनतळात घड्याळ लावून कॉट चढवण्याची तालीम झाली आणि दर वेळी एक तरी कॉट कोठेतरी अडकली. तेव्हा प्रकाशयोजना पाहणाऱ्या प्रथम वर्षातल्या मुलीने वहीतले २०१७ चे पान काढले. त्या वर्षीच्या संघाने रुग्णालयाचा वॉर्ड दाखवायला दोन लेव्हल, म्हणजे रंगमंचावर मांडायचे चौथरे, आणि चार चादरी वापरल्या होत्या, आणि शेजारी पेन्सिलीने आकृती काढलेली होती. शनिवारी चार कॉट परत गेल्या आणि दोन लेव्हल आल्या. एकेका लेव्हलवर दोन गाद्या, मध्ये वीतभर फट, आणि उशाला पुस्तकांच्या चवडी. खरे सांगायचे तर लोखंडी कॉटपेक्षा ही खोली जास्त कोंदट दिसली, आणि तीच हवी होती.

शनिवारची रंगीत तालीम एका छोट्या भाड्याच्या हॉलमध्ये झाली. एकांकिका तासाच्या आत बसली पाहिजे, अशी अट आहे. पहिली सलग तालीम एक तास सात मिनिटे चालली होती. शनिवारी ती त्रेपन्न मिनिटांवर आली. घरमालकाचा एक संपूर्ण प्रवेश गेला. तो करणाऱ्या मुलाला हे सांगण्याचे काम दिग्दर्शिकेने इतरांसमोर केले नाही. ती त्याला बाहेर घेऊन गेली, आणि परत आल्यावर तो संगीत ऑपरेट करणाऱ्याच्या शेजारी वहीपेन घेऊन बसला. नाटकाच्या संघात माणसे कशी टिकतात याचे उत्तर मला अशा वेळी मिळते.

प्रयोग

रविवारी सकाळचा लॉट कोणालाच नको असतो. संध्याकाळी प्रेक्षक उत्सुकतेने येतो. सकाळी नऊला येणारा प्रेक्षक अर्धवट झोपेतला असतो आणि नटांचे घसेही उघडलेले नसतात. टेम्पो साडेसहाला आला. वहीतल्या जुन्या क्रमांकावर लावलेला फोन त्याच माणसाने उचलला होता, आणि त्याने महाविद्यालयाचे नाव ऐकताच ‘बऱ्याच वर्षांनी?’ असे विचारले होते.

सेट वेळेत लागला. पडदा उघडला तेव्हा दोन लेव्हल, चार गाद्या आणि एकच पिवळा दिवा, असे दृश्य होते. त्याला दाद मिळाली नाही, तरी कुजबुजही थांबली. आधी लिहिल्याप्रमाणे पहिली तीन मिनिटे आवाज चढलेले होते. मग कोणीतरी गादीवरून पाय खाली सोडला, पुस्तकाची चवड कलंडली, आणि ती सावरताना दोघे जण एकाच वेळी खाली वाकले. हे बसवलेले नव्हते. तेथून संघ सावरला.

फोनचा प्रवेश तिसाव्या मिनिटाच्या आसपास होता. मी मागच्या रांगेत बसलो होतो. माझ्या पुढे पाच मुले होती. त्या नटाच्या खोलीत राहणारी आणि बाजूच्या अभ्यासिकेतली. ‘औंदा व्हतंय बघ, माय’ या वाक्याला सभागृहात कोणी हसले नाही. पुढच्या पाचांपैकी एकाने मान खाली घातली आणि बराच वेळ तशीच ठेवली.

त्यानंतर चूक झाली. फोन बंद झाल्यावर तो मुलगा क्षणभर तसाच बसून राहणार, मग उठून दिव्याचे बटण दाबणार आणि त्याबरोबर काळोख होणार, असे ठरलेले होते. तो बसलेला असतानाच काळोख झाला. प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या मुलीने क्यू, म्हणजे दिवा बदलण्याची खूण, संवादावर धरला होता, हालचालीवर नव्हे, कारण तिने वाहनतळातल्या तालमींमध्ये दिवा कधी पाहिलेलाच नव्हता. तेथे कोणीतरी तोंडाने ‘ब्लॅकआऊट’ म्हणत असे. भरतच्या डिमरसमोर, म्हणजे दिवे कमी-जास्त करायच्या यंत्रासमोर, ती पहिल्यांदाच उभी होती. काळोखात तो मुलगा उठला आणि आपण ठरल्याप्रमाणे बटणापर्यंत चालत गेला. त्याची पावले ऐकू आली आणि बटणाचा टक् असा आवाजही ऐकू आला. प्रेक्षकांना ती चूक वाटली की योजना, हे मला सांगता येणार नाही. विंगेत मात्र ती मुलगी रडत होती. ‘ताई, माझ्यामुळे गेलं’ एवढेच ती म्हणत राहिली, आणि दिग्दर्शिकेने तिला जवळ घेतले नाही. पुढच्या क्यूचा आकडा तिच्या कानात सांगितला, कारण अजून एकोणीस मिनिटांचे नाटक उरले होते.

प्रयोग वेळेत संपला. प्राथमिक फेरी संपल्यावर निकाल लागला, तेव्हा नऊ संघांत या संघाचे नाव नव्हते. तो निकाल मला योग्य वाटला. शेवट घाईचा होता, दोन पात्रे एकमेकांसारखीच लिहिलेली होती, आणि बदललेली भाषा इतर तिघांच्या बोलण्याशी पुरती जुळलेली नव्हती. आणखी दोन आठवडे मिळाले असते, तर यांपैकी किमान दोन गोष्टी दुरुस्त झाल्या असत्या, असे मला वाटते.

काय दिसले

या संघाच्या त्रुटींपैकी प्रतिभेच्या अभावातून आलेली एकही मला सापडली नाही. आवाज चढला, कारण तालमीला बंद जागा नव्हती. काळोख लवकर झाला, कारण दिव्यांसह तालीम एकदाच, तीही भलत्याच हॉलमध्ये झाली. कॉटवर चार दिवस वाया गेले, कारण लेव्हलची युक्ती सांगणारा सिनियर नव्हता आणि वही जाळीखाली होती. भाषा उशिरा सापडली, कारण एका जागी बसून सलग वाचन करण्याची संधी पावसाने दिली, वेळापत्रकाने दिली नव्हती.

महाविद्यालयाला दोष देऊन हा विषय संपत नाही. सत्र पद्धतीत अंतर्गत परीक्षांना ऑगस्टखेरीज दुसरी जागा सापडणे अवघड आहे, पंच्याहत्तर टक्के हजेरीची अट आहे, आणि प्राध्यापकांवर कागदपत्रांचा भार वाढलेला आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीत महाराष्ट्रात सहशैक्षणिक अभ्यासक्रमांना श्रेयांक ठेवले आहेत आणि प्रयोगजीवी कलांचा त्यांत समावेश आहे. ही गोष्ट स्वागतार्ह आहे, पण तिच्यावर माझा फारसा भरवसा नाही. श्रेयांक विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेत जातात. त्यांनी हॉलचे कुलूप उघडत नाही. मंडळाला ऑगस्टचे तीन आठवडे रात्री दहापर्यंत एक बंद खोली मिळाली आणि परीक्षेची बाके दुसऱ्या मजल्यावर लागली, तर त्याला एक रुपयाही जास्तीचा लागणार नाही.

खर्चाची बाजूही मुलांना इतकी जड गेली नाही, जितकी मी धरून चाललो होतो. महाविद्यालयाने काही दिले, उरलेली वर्गणी निघाली, लेव्हल उसन्या मिळाल्या.

जुन्या पुण्याची आठवण काढून आजच्या मुलांना कमी लेखण्याची पद्धत मला पसंत नाही. ज्या भरतच्या रंगमंचावर १६ डिसेंबर १९७२ रोजी ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला, त्याच रंगमंचावर दर ऑगस्टमध्ये अठरा-वीस वर्षांची मुले उभी राहतात, एवढा वारसा पुरेसा बोलका आहे. ‘घाशीराम’ करणाऱ्यांपैकी कित्येक जण महाविद्यालयीन एकांकिकांतून आलेले होते, आणि त्यांनाही कोणीतरी विंगेतली पायरी दाखवली असणार. बालगंधर्व रंगमंदिरात त्या रविवारी दुपारी व्यावसायिक नाटक होते, नदीपात्रात संध्याकाळी ढोल वाजणार होते, आणि या दोन्हींमध्ये हा सकाळचा प्रयोग कोणाच्या फारसा ध्यानात न येता होऊन गेला. तरी माझ्या पुढे बसलेली ती पाच मुले प्रयोग संपल्यावर बाहेर थांबली होती. नट मेकअप पुसून आला, तेव्हा त्यांच्यापैकी एकाने त्याला कामाविषयी काहीच विचारले नाही. माईला फोन केलास का, एवढेच विचारले.

निकालानंतरच्या आठवड्यात मी महाविद्यालयात गेलो, तो वही पाहायला. तोवर लेव्हल परत गेल्या होत्या, हॉलमधली बाके उचलली गेली होती आणि हॉल संध्याकाळभर मोकळा होता. २०१९ च्या नोंदीनंतरची पाने कोरीच सोडलेली होती; त्यांवर काय घडले ते लिहायला कोणी नव्हते, म्हणून त्यांना हात लावायचा नाही, असे मुलांनी ठरवले होते. नव्या पानावर टेम्पोचा क्रमांक पुन्हा लिहिलेला होता. त्याखाली लेखकाच्या अक्षरात ‘पहिले वाचन ज्याच्या-त्याच्या घरच्या भाषेत करा’ असे होते. सर्वांत शेवटी, प्रथम वर्षातल्या त्या मुलीच्या बारीक, तिरक्या अक्षरात तीन ओळी होत्या :

‘कॉट आणू नका, दोन लेव्हल पुरतात. ब्लॅकआऊटचा क्यू संवादावर धरू नका, हातावर धरा. डिमरच्या उजवीकडे उभे राहिले तर रंगमंचावरचा हात दिसतो, डावीकडून दिसत नाही.’